बंदूक गावी, आपण कॅनडात

भाऊ, तुम्ही विचारलंय की यवतमाळकडच्या वावरासाठी तुमच्या नावावर परवान्याची बारा बोअर (छऱ्याची बंदूक) आहे, आता कुटुंबासह कायमचं कॅनडातल्या सस्कॅचेवानला यायचं ठरलंय, तर ती धाकट्या भावापाशी ठेवावी की सोबत आणावी. माझं म्हणणं, दोन्ही करू नका.

परवाना माणसाचा असतो, घराचा किंवा वावराचा नाही. तुम्ही इकडे आलात की ती बंदूक घेऊन जागलीला बसणारा भाऊ असो की सालदार, परवान्यात त्याचं नाव नसेल तर कायद्याने विनापरवानाच. शस्त्र कायद्यातल्या २०१९च्या दुरुस्तीनंतर त्याला किमान दोन वर्षांची कैद आहे. तेव्हा निघण्याच्या महिनाभर आधी ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करा आणि जिल्हाधिकारी कार्यालयाला लेखी कळवा. पावतीवर बंदुकीचा क्रमांक आणि काडतुसांची संख्या लिहून घ्या; क्रमांक परवान्याशी जुळतो का ते तिथेच पाहा. जमा करण्याआधी नळी आतून साफ करून तेलाचा चांगला हात द्या. कोरडी नळी दोन पावसाळे तशीच पडली की आत गंज खड्डे पाडतो, आणि अशी नळी पुढे चालवणं धोक्याचं. परतायचं नसेल तर परवानगी घेऊन विकून टाका. भावाला खरंच गरज असेल तर त्याने स्वतःचा परवाना काढावा. पण परवाना हाती आला म्हणजे रानडुक्कर किंवा रोही (नीलगाय) मारायची मुभा मिळाली असं नाही, त्याला वनखात्याची वेगळी परवानगी लागते.

आणखी एक, ज्यात भलेभले अडकतात. जागलीचा कोट आणि जुन्या पिशव्या उलट्या करून झटका. कोपऱ्यात राहिलेलं एक काडतूस विमानतळाच्या तपासणीत दिसलं की विमान जातं आणि गुन्हा मागे लागतो.

इकडे तुमचा भारतीय परवाना चालत नाही. आधी बंदूक सुरक्षेचा अभ्यासक्रम. लेखी आणि हाताळणीच्या दोन्ही परीक्षांत ८० टक्के लागतात. मग पीएएल म्हणजे बंदूक बाळगण्याच्या परवान्यासाठी अर्ज, त्यात ओळखीच्या दोन माणसांची नावं. अर्जावर बायकोची सही नसेल तर तिला कळवलं जातं. ही अट मला फार मोलाची वाटते, कारण घरातला धोका घरच्यालाच आधी कळतो. पहिल्या परवान्याला किमान २८ दिवस थांबावंच लागतं. काडतुसंही परवान्याशिवाय मिळत नाहीत. पिस्तुलाचा विचारच सोडा. ऑक्टोबर २०२२पासून सामान्य माणसाला त्याची खरेदी बंद आहे.

ठेवायची रीत गावापेक्षा कडक आहे. भिंतीच्या खुंटीला बंदूक आणि कोनाड्यात काडतुसं, हे इकडे गुन्ह्यात जमा. बंदूक रिकामी, चापाला कुलूप किंवा सहज फुटणार नाही अशा कुलूपबंद कपाटात. काडतुसं सहज हाती लागणार नाहीत अशी वेगळी किंवा कुलपात. कोयोटी, म्हणजे इकडचे कोल्ह्यासारखे प्राणी, वासरांवर येतात म्हणून शेतावर थोड्या वेळासाठी कुलूप काढायची सूट आहे, पण तेव्हाही बंदूक रिकामीच हवी. गाडी सोडून जाताना ती डिकीत कुलूपबंद ठेवा. डिकी नसेल तर बाहेरून दिसणार नाही अशी ठेवून गाडीला कुलूप लावा. शेजारी बंदूक मागायला आला तर आधी त्याचा परवाना पाहा.

आणि वीस बोअरचं बारीक काडतूस बारा बोअरच्या बंदुकीच्या घरात, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या जागी, कधीही येऊ देऊ नका. ते नळीत घसरून पुढे अडकतं, घर रिकामं दिसतं, मागून बारा बोअरचं भरून चाप ओढला की नळी फुटून हात जातो. भरण्याआधी प्रत्येक वेळी दोन्ही नळ्या उजेडाकडे धरून आरपार पाहा.