पावसात वायफाय दिसतं पण नेट चालत नाही, राउटर रीसेट करू का?

नको, रीसेट अजिबात करू नका. तुम्ही लिहिलंय की गुहागरला आईवडिलांकडे फायबर (काचेच्या बारीक तारेतून उजेडाने येणारं नेट) आहे, जोराचा पाऊस लागला की नेट जातं आणि मग तुम्ही फोनवरून त्यांना टाचणीने रीसेट करायला सांगता. त्याने कंपनीच्या माणसाने भरलेलं युजरनेम, पासवर्ड, व्हीलॅन (कंपनीने दिलेला जोडणीचा क्रमांक) सगळं पुसलं जातं. मूळ बिघाड तसाच, वर नवीन काम. बंद-चालूच करायचं तर मागचं स्विच बंद करून मिनिटभराने लावा, तेवढं पुरतं.

मी दापोलीला असतो. पावसाळ्यात वाडीतले हीच तक्रार घेऊन येतात, तेव्हा मी आधी दिवे बघतो. एलओएस (सिग्नल तुटल्याचा दिवा) लाल लुकलुकत असेल तर वायरमधला उजेड राउटरच्या बॉक्सपर्यंत पोचतच नाहीये. राउटरमध्ये कितीही खटपट केली तरी उपयोग नाही. फक्त घरातली बारीक वायर बघून घ्या. ती कपाटामागे दुमडलेली किंवा खिडकीत चिमटलेली सापडते. आत काच असते, त्यामुळे सैल वेटोळं ठेवायचं. वायरच्या टोकात डोळा लावून बघू नका, त्यातला लेझर दिसत नाही पण डोळ्याला इजा करतो.

एलओएस विझलेला, पीओएन (कंपनीशी जोडणी झाल्याचा दिवा) स्थिर हिरवा आणि तरी नेट नाही, तर आधी रिचार्ज संपलाय का ते बघा. राउटरजवळ नेट चालतं आणि पडवीत जात असेल तर दोष चिऱ्याच्या जाड भिंतींचा. तिथे मोबाईल वायफायच्या 2.4 गिगाहर्ट्झ पट्ट्यावर जोडा, तो भिंतींतून जास्त पोचतो.

पण तुमचं नेट पावसातच जातं, म्हणून मला बाहेर खांबावरच्या वायरीच्या जोडाचा संशय जास्त आहे. यात खरी अडचण अशी की माणूस उघडीप झाल्यावर येतो, तेव्हा सगळं सुरळीत असतं, आणि तो 'काही नाही' म्हणून निघून जातो. म्हणून पुरावा ठेवा. बॉक्सखालच्या स्टिकरवर पत्ता असतो, बहुतेक 192.168.1.1. तो मोबाईलच्या ब्राउझरमध्ये टाकला की राउटरचं पान उघडतं, नेट बंद असलं तरी वायफायवर चालतं. त्यात ऑप्टिकल किंवा आरएक्स पॉवरचा, म्हणजे बॉक्सपर्यंत पोचलेल्या उजेडाच्या ताकदीचा आकडा असतो. उणे 15 ते उणे 25 डीबीएम ठीक. उणे 27 च्या खाली (उणे 28, 29) गेला की कनेक्शन तुटायला लागतं. एक फोटो उन्हात, एक भर पावसात काढा आणि दोन्ही तक्रारीला जोडा. आकडा पावसात घसरलेला दिसला की खांबावरचा जोड उघडून बघा, नव्याने स्प्लाइस करून (काचेची तार पुन्हा जोडून) द्या, असं ठामपणे सांगता येतं.

आणि गडगडायला लागलं की ॲडॅप्टर सॉकेटमधून काढायला सांगा, नुसतं स्विच बंद करून भागत नाही.