पाइप ओढताना स्टाउट किंवा काळी बिअर चांगली लागते का? मित्र म्हणतात, पाइपसोबत फक्त व्हिस्कीच. तंबाखू कोणती घ्यावी?

चांगली लागते. व्हिस्कीपेक्षा कितीतरी चांगली लागते. तुमचे मित्र जे म्हणतात तेच माझे साडू वर्षानुवर्षं म्हणत आलेत, आणि दर वेळी घरातली चार माणसं त्यांच्या बाजूने माना डोलावतात. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

नोकरीनिमित्त मी काही वर्षं आयर्लंडमध्ये कॉर्क शहरात होतो. तिथे बंदराजवळ रिंगास्किडीला औषधांचे मोठे कारखाने आहेत. माझं घर शहराच्या उत्तरेकडच्या चढावर होतं आणि शेजारी एक वयस्क गृहस्थ राहायचे. तिथल्या रीतीप्रमाणे त्यांना लहानथोर सगळे नावानेच हाक मारत, पण मी त्यांना इथे आजोबाच म्हणतो. आयुष्याची उमेदीची वर्षं त्यांनी फोर्डच्या कारखान्यात काढली होती. तो कारखाना 1984 साली बंद झाला, त्यानंतर मिळेल ते काम केलं. पाइप मात्र त्याही आधीपासूनचा.

आयर्लंडमध्ये 29 मार्च 2004 पासून पबच्या आत ओढायला बंदी आहे. संपूर्ण देशभर असा कायदा करणारा तो पहिला देश. त्यामुळे पाइपवाल्यांची बैठक मागच्या अंगणात भरते. छप्पर घालता येतं, पण मग निम्म्याहून जास्त बाजूंना भिंत चालत नाही. म्हणजे वारा येतोच. आजोबांची जागा ठरलेली, कोपऱ्यात, वाऱ्याकडे पाठ करून.

त्यांची तंबाखू भरण्याची तऱ्हा मी तासन्‌तास पाहिलीय. ते प्लग वापरायचे, म्हणजे दाबून घट्ट वीट केलेली तंबाखू. खिशातल्या चाकूने तिचे कागदासारखे पातळ काप काढायचे, डाव्या तळहातावर घ्यायचे आणि उजव्या हाताच्या मुठीखालच्या भागाने हळूहळू मळायचे. आमच्या गावाकडे माणसं चुना लावून तंबाखू मळतात, अगदी तोच हात. फक्त चुना नाही आणि घाई नाही. मळून झालं की तळहात तसाच उघडा ठेवून थोडा वेळ गप्पा, तोवर तंबाखू जरा सुकते. ओली तंबाखू भरणाऱ्या माणसाशी ते या विषयावर पुढे बोलतच नसत.

पाइप पीटरसनचा, सिस्टीम प्रकारातला. डब्लिनच्या चार्ल्स पीटरसनने 1890 साली त्याचं पेटंट घेतलं. बाऊलच्या, म्हणजे तंबाखू भरायच्या वाटीच्या, मागे आत एक छोटी विहीर असते, तिच्यात धुरातलं पाणी साचतं. तोंडात धरायच्या टोकाला भोक खाली किंवा समोर नसून वरच्या बाजूला असतं, त्यामुळे धूर जिभेवर न आदळता टाळ्याकडे जातो. जिभेचा हा मुद्दा पुढे येणार आहे.

आता ती संध्याकाळ. 2008 चा डिसेंबर. कॉर्कच्या दोन स्टाउट, बीमिश आणि मर्फीज. बीमिशची ब्रुअरी साउथ मेन स्ट्रीटवर 1792 पासून, मर्फीजची लेडीज वेलला 1856 पासून. कॉर्कमध्ये डब्लिनची स्टाउट, गिनेस, मागितली तर कोणी हाकलून देत नाही, पण तुम्ही बाहेरचे आहात हे मात्र कळतं. त्या वर्षी दोन्ही ब्रुअरी एकाच मालकाच्या, हायनिकेनच्या, हातात आल्या होत्या, आणि बीमिशची जुनी जागा बंद करून तिचं उत्पादन मर्फीजच्या ब्रुअरीत हलवायचं जाहीर झालं होतं. (2009 मध्ये तसं झालंही.) आजोबा खवळले होते. त्या रस्त्यावरून लहानपणी शाळेत जाताना येणारा माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या बार्लीचा, वास कसा असायचा ते सांगत होते आणि मध्येच टेबलावर हात आपटत होते. मग उठले, आत गेले आणि दोन्ही स्टाउटचा एकेक पाइंट, म्हणजे मोठा ग्लास, घेऊन आले. मला म्हणाले, आज नीट शीक, पुढच्या वर्षी शिकवता येणार नाही.

मी लगेच चवीतला फरक शोधायला लागलो. मर्फीज मऊ, कडवटपणा कमी. बीमिश जास्त कोरडी, शेवटी जळक्या कॉफीसारखी. आजोबांनी मला थांबवलं. चव नंतर बघ, म्हणाले, आधी पाइप किती वेळा विझतो ते बघ. त्यांच्या मते पाइपबरोबरचं पेय योग्य आहे की नाही याची ही एकच परीक्षा. पाइप अधूनमधून विझला पाहिजे. विझला म्हणजे माणूस सावकाश ओढतोय, बाऊल हाताला गार आहे, तंबाखू भाजली जातेय, जळत नाहीये. गॅस भरलेली लागर, म्हणजे नेहमीची पिवळी बिअर, घेऊन बसलेला माणूस भराभर पितो, भराभर ओढतो, पाइप विझतच नाही आणि अर्ध्या तासात जीभ सोलवटून निघते. स्टाउट हातात असली की घोट आपोआप लहान होतो. पाइंटचा फेस खाली उतरत जातो तसे ग्लासच्या आतल्या बाजूला एकेका घोटाचे पांढरे कडे उमटतात. ते कडे स्वच्छ आणि अंतराअंतराने दिसले की आजोबा खूश.

त्या रात्री ते सांगत होते त्यामागचं कारण मी नंतर मुळातून समजून घेतलं. पाइपवाल्याची जीभ ‘चावली जाते’, म्हणजे पोळून झोंबते, ती मुख्यतः गरम वाफेने आणि धुराच्या आम्ल-अल्कलीपणाने. अशा जिभेवर साध्या बिअरचा कार्बन डायऑक्साइड गेला की झोंबतो, कारण तो पाण्यात विरघळून कार्बोनिक आम्ल होतं. नळावरच्या आयरिश स्टाउटमध्ये मात्र ढकलायला बहुतांशी नायट्रोजन असतो. गिनेसमध्ये मायकल ॲश या गणितज्ञाने ही पद्धत बसवली आणि 1959 साली ती बाजारात आली. नायट्रोजन बिअरमध्ये फारसा विरघळत नाही, त्याचे बुडबुडे बारीक, म्हणून फेस सायीसारखा आणि घोट सपाट, न झोंबणारा. चावलेल्या जिभेला याहून दयाळू पेय मला माहीत नाही.

दुसरं कारण माझ्या दृष्टीने जास्त मोठं आहे. स्टाउटमध्ये भाजणं आहे, पण धूर नाही. जुन्या काळी लंडनचा पोर्टर, म्हणजे स्टाउटची पूर्वज असलेली गडद बिअर, ज्या तपकिरी माल्टपासून बनायचा ते लाकडाच्या जाळावर वाळवलेलं असायचं, त्याला धूर लागायचा. 1817 साली डॅनियल व्हीलरने फिरत्या पिंपात माल्ट भाजायचं पेटंट घेतलं, आपल्याकडे कॉफी भाजतात तसं. तिथून बिअरचा काळा रंग आणि कडवटपणा धुराशिवाय यायला लागला. आजची आयरिश स्टाउट तर मोड न आणलेली बार्ली तशीच भाजून घालते. म्हणजे कॉफी आहे, करपलेल्या पोळीची कड आहे, कोको आहे, फक्त धुराची जागा रिकामी आहे. ती जागा पाइपची.

आता व्हिस्की. आमचे साडू पाइपबरोबर स्कॉटलंडच्या आयला बेटावरची सिंगल माल्ट घेतात आणि त्याचं मोठं कौतुक करतात. ती व्हिस्की पीटच्या, म्हणजे दलदलीतून खणलेल्या जळणाच्या, धुरावर वाळवलेल्या माल्टची असते. आधीच धूर प्यायलेल्या पेयावर आणखी धूर ओढायचा, यात जुळणी कसली? दोन्हीतलं एक वाया जातं, आणि वाया जातो तो पाइप, कारण चाळीस टक्क्यांहून जास्त अल्कोहोलने जीभ बधिर झाल्यावर व्हर्जिनिया तंबाखूचा गोडवा कळणार कसा? पाइप चाळीस मिनिटं ते तासभर चालतो. धुराने तोंड कोरडं पडतं, तेव्हा ओलावा देणारं पेय हवं. व्हिस्की आणखी कोरडं करते.

एका समारंभात, सगळ्यांसमोर, साडू मला म्हणाले की बिअर हे कॉलेजातल्या पोरांचं काम, पाइप हा बुजुर्गांचा शौक. मी तेव्हा वडीलधाऱ्यांचा मान ठेवून गप्प राहिलो. इथे हिशोब मांडतो. 568 मिलीचा एक पाइंट, 4.2 टक्के अल्कोहोल, म्हणजे साधारण 24 मिली शुद्ध अल्कोहोल. 60 मिलीचा एक लार्ज पेग, आपल्याकडची नेहमीची 42.8 टक्केवाली, म्हणजे साधारण 26 मिली. एका पाइपला एक पाइंट पुरतो. एका पाइपला एक लार्ज त्यांना कधीच पुरलेला मी पाहिला नाही. बुजुर्गपणा कशात आहे ते तुम्हीच ठरवा.

तुमचा खरा प्रश्न तंबाखूचा. कोरड्या आयरिश स्टाउटबरोबर व्हर्जिनिया फ्लेक, म्हणजे दाबून पातळ काप केलेली व्हर्जिनिया, आणि तिच्यात थोडी पेरीक असेल तर उत्तमच. पेरीक ही तंबाखू अमेरिकेत लुइझियानातल्या सेंट जेम्स परगण्यात पिंपात दाबून आंबवतात. तिचा मिरीसारखा तिखटपणा आणि सुक्या अंजिराचा वास भाजलेल्या बार्लीशी फार सुरेख जमतो. बर्ली नावाची तंबाखूही चालेल, तिच्यात स्वतःचा कोको-बदामासारखा भाव असतो. लाटाकिया म्हणजे लाकडाच्या धुरावर धरलेली तंबाखू, हल्ली ती मुख्यतः सायप्रसची. ती हलक्या स्टाउटला झोपवते. तिच्यासाठी इम्पीरियल स्टाउट घ्या, नऊ-दहा टक्क्यांची, छोट्या ग्लासात. जर्मनीतल्या बाम्बर्गच्या राउखबिअरबरोबर लाटाकिया कोणी सुचवली तर ऐकू नका. त्या बिअरचं माल्ट बीच नावाच्या झाडाच्या लाकडावर धुरी दिलेलं असतं, म्हणजे पुन्हा साडूंचाच प्रकार.

व्हॅनिला-चेरीवाल्या सुगंधी तंबाखू स्टाउटबरोबर वाईट लागतात. डब्याचा वास छान, बाऊलमध्ये ओलसर, गरम, आणि कडवट घोटापुढे औषधासारख्या. मिल्क स्टाउटमध्ये लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, असतं, यीस्टला ते खाता येत नाही म्हणून गोडवा राहतो, तिथे एखादी सौम्य सुगंधी तंबाखू निभावून जाईल. डुंकेल आणि श्वार्त्सबिअर या जर्मन गडद बिअर चांगल्या आहेत, पण त्यांच्याबरोबर पाइपची खास मजा येते असं मला वाटलं नाही.

बिअर फ्रिजमधून काढल्यावर लगेच पिऊ नका, थोडा वेळ बाहेर ठेवा. चेंडूवाला कॅन, म्हणजे आत नायट्रोजनचा छोटा चेंडू असलेला, असेल तर एका दमात पूर्ण ओता आणि फेस बसू द्या. बाटलीतल्या स्टाउटला मी वर सांगितलेला नायट्रोजनचा मुद्दा लागू होत नाही, तिच्यात नेहमीसारखाच गॅस असतो. ती उंचावरून ओतून गॅस जरा निघून जाऊ द्यावा. पुण्या-मुंबईत आता मायक्रोब्रुअरींमध्ये स्टाउट आणि पोर्टर नळावर मिळतात. पण तिथे बसून पाइप ओढता येणार नाही. धूम्रपानाची वेगळी खोली असली तरी तिच्यात खाणं-पिणं द्यायचं नाही असा नियम आहे. तेव्हा गच्ची किंवा बाल्कनी, आणि तीही घरातल्यांना त्रास होणार नसेल तर. पावसाळ्यात तंबाखू नेहमीपेक्षा जास्त वेळ सुकवा, आणि ओढून झालेला पाइप पुसून निदान दिवसभर विश्रांतीला ठेवा, नाहीतर बुरशी धरते.

आणि हे आधी लिहायला हवं होतं पण राहिलं: पाइपचा धूर छातीत घेत नाहीत म्हणून तो निरुपद्रवी, हे खोटं आहे. तोंडाचा आणि घशाचा कॅन्सर पाइपनेही होतो, आणि तंबाखू व दारू एकत्र असली की धोका दोन्हींच्या बेरजेपेक्षा जास्त वाढतो. मी आता महिन्याकाठी एखादा पाइप ओढतो आणि दातांच्या डॉक्टरांना तोंड नियमित दाखवतो. तुम्ही अजून सुरुवात केली नसेल तर करू नका. तोंडात चट्टा, न भरणारी जखम असलं काही असेल तर हे उत्तर तुमच्यासाठी नाही, डॉक्टरकडे जा. महाराष्ट्रात बिअरसाठी वयाची अट 21 आहे आणि परवाना लागतो, तेही बघा.

मित्रांना सांगा, वाद घालू नका, करून बघा. एकच पाइप, एकच व्हर्जिनिया, एका संध्याकाळी स्टाउट, चार दिवसांनी त्यांची व्हिस्की. पाइप किती वेळा विझला ते कागदावर लिहा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा पहिला घोट घेताना जीभ काय म्हणते तेही लिहा. साडूंना मी हे अनेकदा सुचवलं, त्यांनी आजवर केलेलं नाही. तुमच्या मित्रांनी केलं तर निकाल खाली लिहा, कुठल्याही बाजूचा असो. मी तो त्यांना वाचून दाखवणार आहे.