आधी विचार, कोणावर तपासलं?

चि. बाय,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. निरोगी वार्धक्यावरची चार पुस्तकं लागोपाठ वाचलीस. एक म्हणतं उपास करा, दुसरं म्हणतं प्रोटीन वाढवा, तिसरं दूरदेशीच्या शतायुषींसारखं जगा म्हणतं आणि चौथं सगळ्यांवरच शंका घेतं. तुझा गोंधळ मी समजू शकते. पण त्या गोंधळात आईची अकराची पेज कशाला बंद केलीस? पासष्टीतल्या बाईला सोळा तास उपाशी ठेवण्याआधी फोंड्याला मला एक फोन करायचास.

यातलं सर्वांत चांगलं पुस्तक कोणतं, हा तुझा प्रश्न मी बाजूला ठेवते. प्रत्येक दाव्यापाशी थांब आणि विचार, हे कोणावर तपासलं? यीस्टवर, उंदरावर, माकडावर की माणसावर? माणसावर असेल तर कोणत्या वयाच्या?

डेव्हिड सिंक्लेअर यांचं ‘लाइफस्पॅन’ (२०१९) घे. वार्धक्य हा उपचार करण्याजोगा आजार आहे, हे त्यांचं म्हणणं वाचताना मलाही उभारी आली. लिहितात झकास. पण ज्या रेस्व्हेराट्रॉलच्या, म्हणजे लाल द्राक्षांत सापडणाऱ्या द्रव्याच्या, कॅप्सूल तू आईसाठी मागवल्यास, त्यांचा इतिहास नीट बघ. २००३ साली त्या द्रव्याने यीस्टचं आयुष्य वाढल्याचं प्रसिद्ध झालं. २००६ साली भरपूर चरबीचं खाणं दिलेले उंदीर त्यावर जास्त जगले. नेहमीचा आहार घेणाऱ्या उंदरांचं आयुष्य मात्र पुढच्या प्रयोगांत वाढलं नाही. याच कल्पनेवर औषधं करू पाहणाऱ्या ज्या सर्ट्रिस कंपनीचे सिंक्लेअर सहसंस्थापक, ती ग्लॅक्सो या बड्या औषध कंपनीने २००८ मध्ये सुमारे ७२ कोटी डॉलरना विकत घेतली आणि २०१३ मध्ये तिचं केंद्र बंद केलं. आता सांग, तुझी आई यात कुठे बसते?

उपासाचंही तेच. कमी खाणाऱ्या माकडांवर अमेरिकेत दोन मोठे, कित्येक वर्षं चाललेले प्रयोग झाले. विस्कॉन्सिनच्या गटाने २००९ मध्ये सांगितलं, फायदा होतो. राष्ट्रीय वार्धक्य संस्थेने २०१२ मध्ये सांगितलं, आयुष्य वाढलं नाही. असं का व्हावं? विस्कॉन्सिनच्या खाद्यात साखर २८ टक्क्यांच्या आसपास होती, दुसरीकडे जेमतेम ४. शिवाय विस्कॉन्सिनमध्ये तुलनेच्या गटातली माकडं हवं तेवढं खात होती. म्हणजे तिथे उपासाचा गुण दिसला की गोडाधोडाच्या अतिरेकाचा दोष, हा प्रश्न उरतोच. माणसांवरचा कमी खाण्याचा कॅलेरी नावाचा प्रयोग दोन वर्षं चालला, पण त्यात होते पन्नाशीच्या आतले निरोगी लोक. अगो, पन्नाशीच्या आतले! तुझ्या आईची पेज त्यांच्या भरवशावर बंद करायची?

पीटर अटिया यांचं ‘आउटलिव्ह’ (२०२३) मला अधिक जवळचं वाटतं. हा डॉक्टर स्वतः एके काळी लांबलचक उपास करायचा. आता स्नायू, दम आणि झोप यांवर भर देतो. दमदार माणसं जास्त जगतात हे निरीक्षण खरं आहे, पण मुळात निरोगी असलेल्यांनाच दम टिकवता येतो, हेही त्यात मिसळलेलं असतं. तरी व्यायामाच्या बाजूने प्रत्यक्ष प्रयोग आहेत. १९९० साली बोस्टनच्या एका वृद्धनिवासात नव्वदीच्या १० अशक्त माणसांकडून ८ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम करून घेतला, तर तो पुरा करणाऱ्या ९ जणांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. माणसं फक्त दहा, आणि आयुष्य वाढलं का हे त्यात पाहिलेलंच नव्हतं. पण नव्वदीच्या माणसांवर तपासलंय, म्हणून त्याला माझ्या लेखी वजन आहे.

डॅन ब्यूटनर यांचं ‘द ब्लू झोन्स’ झटपट वाचून टाक. जपानमधलं ओकिनावा, इटलीतलं सार्डिनिया इथल्या शतायुषींची वर्णनं गोड आहेत, पण वय मोजलं कशावरून? २०१० साली जपानमध्ये नोंदवहीत जिवंत असलेली शंभरीपुढची दोन लाखांहून अधिक माणसं ठावठिकाणा नसलेली निघाली. शतायुषींच्या अशाच नोंदींवर बोट ठेवल्याबद्दल सॉल न्यूमन या संशोधकांना २०२४ चं इग नोबेल, म्हणजे आधी हसवून मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं गमतीदार बक्षीस, मिळालं. आपल्याकडेही शाळेत घालताना मास्तरांनी लावलेली जन्मतारीख मिरवणारे कितीतरी आजोबा आहेत.

वेंकी रामकृष्णन यांचं ‘व्हाय वी डाय’ (२०२४) तुला रुक्ष वाटलं, असं लिहिलंस. याचा मला राग आला. रायबोसोमवरच्या, म्हणजे पेशीतल्या प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रावरच्या, कामासाठी २००९ चं नोबेल वाटून मिळालेला हा माणूस पेशीत काय बिघडतं ते धीराने समजावतो आणि जिथे पुरावा संपतो तिथे थांबतो. असं थांबणं तुला कंटाळवाणं वाटत असेल, तर दोष पुस्तकाचा नाही.

लोक मला हेकट म्हणतात. आमच्या वाचनमंडळात एक वक्ते आयुष्य वाढवणारी पावडर घेऊन आले, तेव्हा मी उभी राहून हाच प्रश्न विचारला. त्यांना बोलावणारी माझी जुनी मैत्रीण होती. ती त्यानंतर माझ्याकडे आली नाही, आणि गेल्या पावसाळ्यात गेलीच. तिला एकटीला गाठून विचारता आलं असतं, ही रुखरुख जात नाही. प्रश्न मात्र मी पुन्हाही विचारेन. पन्नास माणसं खिशात हात घालत असताना गप्प बसायचं, तर जन्मभर विज्ञान शिकवलं कशाला?

तेव्हा उद्यापासून आईला पेज दे, सोबत खारातला आंबा दे, मासळी दे, आणि डॉक्टरांना विचारून संध्याकाळी खुर्चीवरून उठबस करण्याचा व्यायाम सुरू कर. रामकृष्णन पुन्हा वाच. पणजीला पाटोच्या मध्यवर्ती ग्रंथालयात मिळालं नाही तर माझी प्रत ने. समासात माझ्या पेन्सिलीच्या खुणा आहेत, त्या खोडू नकोस. कॅप्सूलची ऑर्डर रद्द केलीस की कळव.

तुझी,
टीचर