घरचं तंत्र, घरच्या हातानं : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : घरी स्वतः करायच्या गोष्टींची यादी केली आहे. गच्चीवरच्या टाकीची पातळी बघून मोटार आपोआप चालू-बंद होणं, सगळ्या घरात जाहिराती बंद करणं, फोटो घरच्याच संगणकावर ठेवणं, सिलिंडरमध्ये गॅस किती उरला ते कळणं, कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग, एसीचा रिमोट फोनवर आणि मुख्य दाराचं कुलूप फोननं उघडणं. सगळं ओपन सोर्स सॉफ्टवेअरवरच करायचं आहे. सुरुवात कुठून करावी?
— सुदामा नगर, इंदूर

उत्तर : जाहिरातींपासून. पाय-होल म्हणजे सगळ्या घरासाठी जाहिरातींचे पत्ते अडवणारं सॉफ्टवेअर. त्याचं काम एका संध्याकाळी होतं, विजेच्या तारांना हात लावावा लागत नाही, आणि चुकलं तर घरचं इंटरनेट तेवढं थोडा वेळ थांबतं. लिनक्सची ओळख आणि स्थिर आयपी पत्ता म्हणजे काय, हे त्यातच कळून जातं. त्यानंतर फोटो घ्या. पाण्याची मोटार सगळ्यांत उपयोगी असली तरी तिसरी ठेवा, कारण तिथे २३० व्होल्ट आहेत आणि पाणीही आहे.

कुलूप यादीतून काढून टाका, असं आम्ही आग्रहानं सांगू. वीज गेली, राउटर अडकला किंवा प्रोग्राम बदलताना चूक झाली, तर घरातला माणूस आत किंवा बाहेर अडकू शकतो. त्याऐवजी दार उघडं आहे की बंद, एवढं सांगणारा चुंबकी रीड स्विच लावा. दोन तारांचं काम आहे.

एसीच्या रिमोटसाठी ईएसपी८२६६ (वायफाय असलेला छोटा बोर्ड), एक इन्फ्रारेड एलईडी आणि बीसी५४७ किंवा २एन२२२२ ट्रान्झिस्टर पुरतो. एलईडी थेट पिनला जोडली तर पल्ला हातभरच मिळतो. ट्रान्झिस्टर त्यासाठीच आहे. बऱ्याच कंपन्यांच्या एसीचे संकेत ईएसपीहोम या अशा बोर्डांसाठीच्या सॉफ्टवेअरमध्ये तयार मिळतात. मात्र घरातल्या कुणी मूळ रिमोट वापरला, तर फोनवर जुनंच तापमान दिसत राहतं. ३८ किलोहर्ट्झचा रिसीव्हर सोबत लावला की तो फरक जातो.

या सगळ्याला एका जागी आणायला होम असिस्टंट वापरा. २०१३ साली सुरू झालेला हा प्रकल्प आणि ईएसपीहोम हे दोन्ही २०२४पासून ओपन होम फाउंडेशन या ना-नफा संस्थेकडे आहेत. ते चालवायला रास्पबेरी पाय ४ हा छोटा संगणक घेतला तर ४ जीबी रॅमचा घ्या, आणि त्याला मोबाइलचा चार्जर लावू नका. ५.१ व्होल्ट, ३ अँपिअरचा अ‍ॅडाप्टरच लागतो. व्होल्टेज थोडं जरी बसलं तरी यंत्र मधूनच अडखळतं आणि दोष सॉफ्टवेअरवर जातो. वीज अचानक गेली की मेमरी कार्डावरच्या फाइली खराब होतात, म्हणून सुरुवातीपासून यूएसबीवर एसएसडी लावणं बरं.

प्रश्न : नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं. ते हौदात उतरतं आणि तिथून एक एचपीची मोटार १००० लिटरच्या टाकीत चढवते. ईएसपी३२, अल्ट्रासोनिक सेन्सर आणि निळ्या रिलेनं स्वयंचलित केलं. काही दिवसांनी रिले चिकटून बसला आणि मोटार बंदच होईना. शिवाय टाकी भरलेली असताना मोटार मध्येच चालू होते.
— लोकमान्य नगर, इंदूर

उत्तर : दोन्ही दोष वेगळे आहेत आणि दोन्ही नेहमीचे आहेत.

आधी रिले. त्यावर १० अँपिअर लिहिलेलं असतं ते बल्ब-हीटरसारख्या भारासाठी. एक एचपीची मोटार चालताना पाच-सहा अँपिअर घेत असली तरी सुरू होताना क्षणभर त्याच्या पाच-सहापट घेते. त्या ठिणगीत संपर्कबिंदू वितळून जोडले जातात. मोटार नेहमी कॉन्टॅक्टरवरून, म्हणजे मोटारीचा भार सोसणाऱ्या मोठ्या रिलेवरून चालवा. एसी-३, म्हणजे मोटारींसाठीच्या वर्गाचा १६ किंवा २५ अँपिअरचा घ्या. छोट्या रिलेनं फक्त कॉन्टॅक्टरची कॉइल ओढायची. कॉइलला समांतर १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरड, २७५ व्होल्ट एक्स-२ कपॅसिटर अशी एकापाठोपाठ एक (सिरीजमध्ये) जोडलेली जोडी लावा, नाहीतर कॉइल सुटताना येणाऱ्या झटक्यानं ईएसपी३२ अधूनमधून रीसेट होईल.

आता सेन्सर. जेएसएन-एसआर०४टी हा वॉटरप्रूफ सेन्सर साधारण २० ते २५ सेंटिमीटरपेक्षा जवळचं मोजू शकत नाही. पाणी त्या पट्ट्यात शिरलं की तो काहीतरी लांबचा आकडा देतो. तुमच्या प्रोग्रामला टाकी रिकामी वाटते आणि तो भरल्या टाकीत मोटार चालू करतो. सेन्सर भरल्या पातळीपासून किमान ३० सेंटिमीटर उंच बसवा आणि टाकीच्या भिंतीपासून दूर ठेवा. झाकणाखाली वाफेचे थेंब सेन्सरवर जमतात, तेव्हा एखादा आकडा भलताच येतो. ईएसपीहोममध्ये सात वाचनांचं मीडियन फिल्टर (सातांतला मधला आकडा घेणारं) लावलं की असे सुटे आकडे गळून पडतात. ऋतूचाही फरक पडतो. जानेवारीच्या पहाटे १० अंशांना ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३३७ मीटर असतो, मे महिन्यात ४२ अंशांना ३५६च्या आसपास जातो. एक मीटर अंतरात हा फरक पाच-सहा सेंटिमीटरचा पडतो. त्यामुळे मोटार थांबवायची रेषा काठाला टेकवून ठेवू नका.

ईएसपी३२ ३.३ व्होल्टवर चालतो आणि हा सेन्सर ५ व्होल्टवर. सेन्सरची एको पिन (परत आलेल्या आवाजाचा संकेत देणारी) थेट जोडली असेल तर आजच बदला : एको आणि ईएसपीची पिन यांच्यामध्ये १ किलोओहम, आणि ती पिन व ग्राउंड यांच्यामध्ये २ किलोओहम. पिन निवडताना ६ ते ११ सोडून द्या, त्या आतल्या फ्लॅश मेमरीच्या आहेत. ०, २, १२ आणि १५ या पिनांची अवस्था बोर्ड सुरू होताना तपासली जाते, तिथे रिले नको. ३४ ते ३९ फक्त इनपुटसाठी आहेत.

एवढं सगळं नीट केलं तरी मोटार फक्त प्रोग्रामच्या भरवशावर सोडायची नाही. दोन फ्लोट स्विच (पाण्यावर तरंगून पातळीप्रमाणे चालू-बंद होणारे) घ्या, एक हौदाच्या तळाशी आणि एक गच्चीवरच्या टाकीच्या काठाशी. १२ व्होल्टच्या अ‍ॅडाप्टरमधून निघालेली तार आधी हौदाच्या फ्लोटमधून, मग टाकीच्या फ्लोटमधून, मग ईएसपीच्या छोट्या रिलेच्या संपर्कातून जाऊन १२ व्होल्टच्या दुसऱ्या रिलेच्या कॉइलला मिळेल. तो दुसरा रिले कॉन्टॅक्टर ओढेल. सगळं एका माळेत असल्यामुळे हौद आटला किंवा टाकी भरली, तर ईएसपी काहीही म्हणत असला तरी मोटार बंद होते. पाण्यात फक्त १२ व्होल्टच जातात. दुसऱ्या रिलेच्या कॉइलवर १एन४००७ डायोड उलटा लावायला विसरू नका. तो नसेल तर फ्लोटमधले नाजूक संपर्क काही महिन्यांत चिकटतात. कॉन्टॅक्टरच्या बाजूचं जोडकाम, अर्थिंग आणि मोटारीला बसणारा ओव्हरलोड रिले हे परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. आणि मोटार हातानं चालवायचा स्विच ठेवाच, पण तोही याच फ्लोटांच्या माळेतून जाऊ दे.

प्रोग्राममध्ये तीन गोष्टी. स्विचचा रिस्टोर मोड ‘नेहमी बंद’ ठेवा, म्हणजे वीज येताच मोटार आपोआप धावणार नाही. रिकामी टाकी भरायला लागणारा वेळ एकदा घड्याळ लावून मोजा आणि त्याच्या सव्वापट वेळानं सक्तीनं बंद होईल असा टायमर घाला. तिसरी गोष्ट पुष्कळांना कळत नाही : होम असिस्टंट बंद असेल, तर ईएसपीहोमचा बोर्ड मूळ सेटिंगप्रमाणे दर १५ मिनिटांनी स्वतःला रीबूट करतो आणि मोटार अर्ध्यात थांबते. एपीआय (होम असिस्टंटशी बोलणारा भाग) आणि वायफाय या दोन्ही विभागांत रीबूट टाइमआउट शून्य करा.

बोर्ड गच्चीवर उघड्यावर नको. जिन्याच्या खोलीत, उन्हापासून दूर, सीलबंद डब्यात ठेवा. स्लॅबमधून वायफाय अशक्त पोचतं, आणि ईएसपी३२ला २.४ गिगाहर्ट्झचंच लागतं.

प्रश्न : पाय-होल बसवला, तरी फोनवर जाहिराती दिसतातच. राउटरमध्ये डीएनएस (वेबसाइटच्या नावावरून पत्ता सांगणारा सर्व्हर) बदलायची सोयही नाही.
— विजय नगर, इंदूर

उत्तर : इंटरनेट कंपनीनं दिलेल्या राउटरमध्ये ती सोय नसेल, तर राउटरचं डीएचसीपी (उपकरणांना पत्ते वाटणारी सोय) बंद करून पाय-होलचं डीएचसीपी चालू करा. मग प्रत्येक उपकरणाला पत्ता देताना डीएनएसही तोच देईल. ज्या यंत्रावर पाय-होल आहे त्याला आधी स्थिर आयपी द्या. दुसऱ्या डीएनएसच्या रकान्यात ८.८.८.८ लिहिलं असेल तर खोडा. तो अडचणीपुरता वापरला जातो असं समजतात, पण उपकरणं दोन्हीकडे हवं तसं विचारतात आणि जाहिराती तिथून येतात. अँड्रॉइडमधला प्रायव्हेट डीएनएस बंद आहे ना, ते बघा. राउटर आयपीव्ही६वर स्वतःचा डीएनएस वाटत असेल, तर तीही वाट बंद करावी लागते. यूट्यूबच्या जाहिराती मात्र यानं जात नाहीत, कारण त्या व्हिडिओच्याच सर्व्हरवरून येतात.

प्रश्न : मुलं परदेशी असतात. आमच्या दोघांच्या फोनमधले फोटो जुन्या लॅपटॉपवर इमिच हे फोटो साठवायचं सॉफ्टवेअर टाकून साठवावेत, आणि मुलांनाही दिसावेत. ८ जीबी रॅम आहे. जमेल का?
— रामबाग, इंदूर

उत्तर : छान जमेल. डेबियन लिनक्स टाका, त्यावर डॉकर (प्रोग्राम वेगळ्या बंद कप्प्यात चालवणारं साधन) आणि त्यासाठी इमिचनं दिलेली कम्पोज फाइल. फोटोंची डिस्क ईएक्सटी४ पद्धतीनं फॉरमॅट करा. विंडोजची एनटीएफएस डिस्क तशीच लावून डेटाबेस तिच्यावर ठेवला तर तो सुरूच होत नाही, कारण फाइलींचे मालकी हक्क तिथे जुळत नाहीत. डेटाबेस लॅपटॉपच्या आतल्या एसएसडीवर असू दे, फोटो बाहेरच्या डिस्कवर चालतील. झाकण लावल्यावर लॅपटॉप झोपू नये म्हणून लॉगिनडी.कॉन्फ या फाइलीत हँडललिडस्विचसमोर ‘इग्नोर’ लिहा. सतत चार्ज होणारी जुनी बॅटरी फुगते. टीएलपी या लिनक्सच्या वीज-बॅटरी प्रोग्राममधून चार्जिंगची मर्यादा घालता येत असेल तर घाला, फुगलेली असेल तर काढूनच टाका. सरासरी १५ वॅट धरले तर महिन्याला सुमारे ११ युनिट वीज लागेल.

पहिले काही दिवस चेहरे ओळखण्याचं काम चालतं, त्यात लॅपटॉप तापतो. सेटिंगमध्ये एका वेळी एकच काम चालेल असं करा. मूळ शोध-मॉडेल इंग्रजी शब्दांवर चालतं. ‘नदीकाठचा घाट’ असं मराठीत शोधायचं असेल तर बहुभाषिक मॉडेल निवडावं लागतं. ते जास्त रॅम घेतं, आणि बदलल्यावर सगळे फोटो पुन्हा वाचून काढतं.

मुलांसाठी राउटरमध्ये पोर्ट उघडू नका. राउटरचा बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशानं सुरू होत असेल तर तुम्ही सीजीनॅटमागे, म्हणजे अनेक ग्राहकांत वाटलेल्या एकाच सार्वजनिक पत्त्यामागे आहात आणि पोर्ट उघडूनही उपयोग नाही. टेलस्केल हे उपकरणांना खासगी जाळ्यात जोडणारं सॉफ्टवेअर लॅपटॉपवर आणि मुलांच्या फोनवर टाका. नियंत्रणाचा सर्व्हरही ओपन सोर्स हवा असेल तर हेडस्केल आहे, पण तो चालवायला सार्वजनिक पत्ता असलेलं यंत्र लागतं.

फोन रिकामा करण्याआधी दुसरी प्रत हवीच. इमिच रोज डेटाबेसची प्रत बॅकअप्स फोल्डरमध्ये स्वतः काढतं, पण ती त्याच डिस्कवर असते. आठवड्यातून एकदा दुसरी डिस्क जोडून फोटो आणि ती प्रत दोन्ही उतरवा आणि डिस्क काढून कपाटात ठेवा. पावसाळ्यातल्या विजेनं जोडलेलं सगळं एकदम जळू शकतं.

प्रश्न : सिलिंडरखाली वजनकाटा करायचा आहे. चार लोड सेल (वजन ओळखणारे सेन्सर) आणि त्यांचे संकेत वाचणारा एचएक्स७११ आणले, पण आकडा हलतच नाही.
— टिळक नगर, इंदूर

उत्तर : ५० किलोचे ते चपटे सेल तुम्ही बहुधा प्लायवर सपाट चिकटवले आहेत. त्यांची मधली जीभ वाकली तरच वजन कळतं. कडेची चौकट तेवढी टेकेल आणि जिभेखाली दोन-तीन मिलिमीटर पोकळी राहील असे ठोकळे करा. वर-खाली १८ मिलिमीटरचा प्लाय घ्या. २० लिटर पाण्याचा कॅन म्हणजे २० किलो, त्यावर मोजणी जुळवा. कॅनचं रिकामं वजन आधी शून्य करून घ्या. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो आणि रिकाम्या सिलिंडरचं वजन त्याच्यावरच लिहिलेलं असतं. दर सिलिंडरला ते वेगळं, म्हणून बदलताना नवा आकडा भरा. स्वयंपाकघरातल्या उष्णतेनं आकडा थोडा सरकतो. अर्ध्या किलोपर्यंत फरक गृहीत धरा.

गॅस हवेपेक्षा जड असतो आणि गळला तर जमिनीलगत साठतो. सिलिंडरजवळ फक्त लोड सेल आणि त्यांच्या तारा असू द्या. अ‍ॅडाप्टर, रिले, स्विच यांतलं काहीही खाली नको. ते ओट्याच्या वर, सिलिंडरपासून दूर बसवा.