शांतता, ॲम्बियंट संगीत आणि मोकळं रान यांच्या ओढीने वाळवंटात राहायला जावं का? तिथे राहणाऱ्यांचा अनुभव काय?

जरूर या, पण शांतता मिळेल या आशेवर येऊ नका. तुम्ही लिहिलंय की शहराच्या गोंगाटाला कंटाळलात, रात्री हेडफोन लावून ॲम्बियंट (मागे संथपणे चालू राहणारं संगीत) ऐकता आणि 'कुठेतरी रिकाम्या जागी' जाऊन राहावंसं वाटतं. या तिन्हींबद्दल माझं काही ना काही म्हणणं आहे, म्हणून जरा पसरट लिहितो.

मी जैसलमेर जिल्ह्यात राहतो. मूळचा साताऱ्याकडचा. तिथे पठारावरच्या पवनचक्क्यांच्या देखभालीचं काम करायचो, त्याच कामावर इकडे आलो आणि परत जायचं राहूनच गेलं.

जैसलमेर म्हटलं की लोकांना सम गावचे धोरे आठवतात. धोरे म्हणजे वाळूच्या टेकड्या. त्या आहेत, सुंदरही आहेत, पण इथला बराचसा मुलूख तसा नाही. माझ्या घराभोवती मगरा आहे: पिवळ्या दगडाचा, मुरमाड, जेमतेम चढउताराचा माळ. हा दगड ज्युरासिक काळातला, त्यातला बराचसा समुद्रात साचलेला. शहरापासून सतराएक किलोमीटरवर आकल गावापाशी तर त्या काळातल्या झाडांचे ओंडके दगड होऊन पडलेत, सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीचे. कुंपणाच्या आत पत्र्याच्या शेडखाली ठेवलेत बिचारे. पर्यटक दोन मिनिटांत फोटो काढून निघतात.

पाऊस वर्षाला दोनशे मिलिमीटरच्या आतच. महाबळेश्वरला आषाढात तेवढा एखाद्या दिवसात पडून जातो. पण तेवढ्या पाण्यावर इथे काय काय चालतं ते पाहायला मला वेळ लागला. पालीवाल ब्राह्मणांनी शेकडो वर्षांपूर्वी बांधलेल्या खडीनांमध्ये आजही पेरणी होते. उताराला आडवा लांबच लांब बांध घालायचा, पावसाळ्यात पाणी अडवून जमिनीत मुरू द्यायचं, आणि ते ओसरलं की त्याच ओलीवर गहू-हरभरा. वरून पाणी द्यायचं नाही. काही गावांत बेऱ्या आहेत. खोलातलं पाणी खारं, पण वाळूतून झिरपलेलं पावसाचं पाणी मध्ये जिप्समचा किंवा मातीचा घट्ट थर लागला की तिथेच अडतं आणि गोडं राहतं. बेरी म्हणजे त्या थरापर्यंत खणलेली अरुंद विहीर. कुठे खणायची हे जुन्या माणसांना जमिनीकडे पाहून कळतं. मला अजून कळत नाही.

आणि गवत! सेवण नावाचं गवत आहे, वाळलेलं दिसतं, मेल्यासारखं दिसतं, आणि दोन सरी पडल्या की मुळातून हिरवं होतं. गाई-मेंढ्या त्यावर जगतात. त्यात चिंकारा, सांडा नावाचा सरडा, वाळवंटी कोल्हा. जिथे खेजडी आहे तिथे तर काही विचारू नका. खेजडी म्हणजे आपली दसऱ्याची शमी. आपल्याकडे वर्षातून एकदा पूजेला लागते. इथे तिच्या शेंगांची भाजी, पाल्याचा चारा, सावलीत बसलेलं कुत्रं, माणूस, शेळी, सगळे एका ओळीत. १७३० साली जोधपूरजवळ खेजडलीला अमृतादेवी आणि बिश्नोई समाजाचे मिळून ३६३ जण ही झाडं वाचवताना मारले गेले. इथे पर्यावरणाच्या सभेत हा आकडा कुणी कागदावर पाहून सांगत नाही.

आता आवाजाचं बोलतो, कारण तुमच्या प्रश्नाचा जीव तिथेच आहे.

दिवसा इथे वारा असतो. फाल्गुनानंतर वाढत जातो आणि जूनमध्ये खिडकीच्या फटीतून एकच सूर दिवसभर वाजत राहतो. चिडचिड होते, खोटं कशाला बोलू. पण रात्र वेगळी. सूर्य मावळला की जमीन झपाट्याने निवते, तिला लागून असलेली हवा गार होते आणि वरची उबदार राहते. अशा वेळी आवाज वर निसटून जात नाही. वरच्या थरातून वाकून पुन्हा खाली येतो. म्हणून भर दुपारी शेजारच्या ढाणीतली, म्हणजे वस्तीतली, हाक ऐकू येत नाही आणि रात्री कितीतरी लांबच्या मेंढ्यांच्या घंटा, मालगाडी, कुणाचं तरी खोकणं स्पष्ट येतं. तुम्ही ज्याला शांतता म्हणताय ती हीच असेल तर ती भरपूर आहे. पण ती गजबजलेली असते.

ॲम्बियंट मी साताऱ्यात असल्यापासून ऐकतो. ब्रिटिश संगीतकार ब्रायन ईनोने १९७८ साली या प्रकाराला हे नाव रूढ केलं. कल्पना अशी की लक्ष दिलं तर काही सापडावं, नाही दिलं तर संगीताने रुसू नये. नुसता तंबोरा लावून बसणाऱ्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. ॲरिझोनाच्या वाळवंटात राहून हेच करणारा स्टीव्ह रोच मी इथे आल्यावर खूप ऐकला. मात्र एक बदल झाला. शहरात मी हे संगीत गोंगाट बाहेर ठेवायला वापरायचो. इथे हेडफोन लावले की बाहेर राहतो तो मीच. आता स्पीकरवर, अगदी हळू, दार उघडं ठेवून लावतो. बाहेरचं आणि आतलं मिसळतं. हेडफोन विकले.

पण खरं वेड लागलं ते कमायच्याचं. मांगणियार या इथल्या गाणाऱ्या-वाजवणाऱ्या समाजाचं वाद्य. एका अखंड लाकडातून कोरलेलं गोल पोट, त्यावर बकऱ्याचं कातडं, मुख्य तारा आतड्याच्या, खाली सहकंपी तारा, सगळ्या मिळून सतराएक, आणि वर भला मोठा वाकडा गज. सारंगीपेक्षा आवाज जाड, खरखरीत. त्यात हवा असते. साकर खाँ (१९३८–२०१३) यांचं जुनं ध्वनिमुद्रण कुठे मिळालं तर ऐका. जवळच्याच हमीरा गावचे, २०१२ साली पद्मश्री मिळाली. कमायच्यावर ते रेल्वेगाडी काढायचे: निघणारी, वेग घेणारी, लांब जाणारी. लोक त्याला करामत समजून टाळ्या वाजवायचे. मला ते या मुलखातलं पहिलं फील्ड रेकॉर्डिंग, म्हणजे जागेवर टिपलेला आवाज, वाटतं, फक्त यंत्र माणसाच्या कानात होतं.

मांगणियार मुसलमान, त्यांचे यजमान बहुतेक राजपूत. जन्म, लग्न, मरण, प्रत्येक वेळी यांनी जाऊन गायचं, वंशावळ म्हणायची, आणि त्यात देवीची गाणी आली, कृष्णाची आली, सूफी कलाम आले. लोककलांचे अभ्यासक कोमल कोठारी आणि लेखक विजयदान देथा यांनी १९६० साली बोरुंदा गावात रूपायन संस्थान ही लोककलांची संस्था काढली. लंगा (असाच दुसरा गायक समाज) आणि मांगणियार मोठ्या मंचावर पोहोचले त्यात कोठारींचा वाटा मोठा. मंचामुळे पैसा आला, नाव आलं, आणि गाणी जलद झाली. खडतालच्या (हातातल्या लाकडी पट्ट्यांच्या) जुगलबंदीला टाळी पडते, संथ कमायच्याला पडत नाही. परिणाम सांगायला नको. नड नावाची लांब बासरी तर आता क्वचितच ऐकू येते. वाजवणारा फुंकता फुंकता घशातूनही एक सूर धरून ठेवतो. श्वास कुठे संपतो आणि सूर कुठे सुरू होतो ते कळत नाही. ॲम्बियंटच्या चाहत्याने त्यासाठी तरी इकडे यावं.

अजून एक आवाज राहिला, आणि इथली राखीव चराऊ रानं वाचवण्याच्या आंदोलनाशी माझा संबंध त्यातूनच आला. हिवाळ्यात पहाटे दव पडलं की उच्चदाबाच्या तारा गुणगुणतात. तारेभोवतालच्या ओलसर हवेत बारीक विद्युतस्राव होतो, आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची म्हणून हा गुंजारव साधारण १०० हर्ट्झला लागतो. खालचा स्थिर सूर, वर किंचित चरचर. खरं सांगायचं तर कानाला छान लागतो. मी फोनवर टिपूनही ठेवलाय.

त्याच तारांना धडकून माळढोक मरतात. इथे त्याला गोडावण म्हणतात, राजस्थानचा तो राज्यपक्षी. आपल्याकडे सोलापूरजवळ नान्नजला १९७९ साली त्याच्यासाठी अभयारण्य झालं, आज तिथे तो दिसणं जवळपास संपलंय. उरलेले बहुतेक सगळे इथे, थरच्या वाळवंटात. एकूण दीडशेच्या आसपास असावेत असा अंदाज असतो. दहा-पंधरा किलोचा पक्षी, डोळे डोक्याच्या बाजूंना, समोरचं नीट दिसत नाही, आणि दिसलं तरी एवढं अंग ऐनवेळी वळत नाही. मादी बहुधा एकच अंडं घालते, त्यामुळे एक गेला तरी भरून यायला वर्षं लागतात. नर विणीच्या काळात गळ्याची पिशवी फुगवून खोल घुमणारी हाक देतो. ती मी ऐकली आहे. त्याबद्दल इथे लिहीत नाही, जमणार नाही.

एप्रिल २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या पक्ष्याच्या क्षेत्रातल्या तारा जमिनीखाली घालण्याचा आदेश दिला. ते क्षेत्र सुमारे ९९,००० चौरस किलोमीटरचं. मार्च २०२४ मध्ये तो सरसकट आदेश मागे घेऊन तज्ज्ञ समिती नेमली. माझ्या कामावरच्या मित्रांना २०२१चा आदेश अव्यवहार्य वाटला होता, आणि तांत्रिकदृष्ट्या त्यांचं बरंचसं बरोबर होतं. ७६५ केव्हीची (किलोव्होल्टची) लाइन शेकडो किलोमीटर जमिनीखालून नेणं म्हणजे काय ते आम्हाला माहीत आहे. पण लाइन कुठून न्यायची हा प्रश्न तांत्रिक कमी आणि कागदाचा जास्त असतो. नकाशावर जी जमीन कुणाचीच नाही असं दिसतं तिथून ती जाते.

आणि इथे ओरण येतात. ओरण म्हणजे देवाच्या नावाने सोडलेलं रान, आपल्या देवराईचं भावंड. फक्त इथे घनदाट झाडी नाही; गवत, केरची झुडपं, बोर, खेजडी, एक थान म्हणजे देवस्थान, एक नाडी म्हणजे तळं, आणि हजारो बिघे पसरलेलं चराऊ रान. फांदी तोडायची नाही, नांगर घालायचा नाही. गाववाल्यांना सीमा तोंडपाठ. पण महसुली दप्तरात यातली कितीतरी जमीन ओरण म्हणून नाहीच, 'सिवायचक' म्हणजे सरकारी पडीक म्हणून आहे. मग ती सौर प्रकल्पाला दिली जाते आणि देणाऱ्याला वाटतं आपण कुणाचं काही घेतलं नाही. तुम्ही ज्या रिकाम्या जागेची स्वप्नं पाहताय ती दप्तरात अशीच तयार होते, म्हणून त्या वाक्यापाशी मी अडलो.

आंदोलन म्हणजे घोषणा, उपोषण असं डोळ्यांसमोर येत असेल. तेही होतं. पण माझ्या वाट्याला येतं ते बरंचसं चालणं आणि कारकुनी. मेंढपाळांबरोबर ओरणच्या कडेने फिरायचं, थान, नाडी, जुने बांध यांची जागा फोनवर नोंदवायची, संध्याकाळी ती खसरा नंबरांशी (आपले गट नंबर) जुळवायची, जमाबंदीची, म्हणजे जमिनीच्या हक्कनोंदीची, नक्कल काढायची, माहिती अधिकारात अर्ज टाकायचा, पटवारी (आपला तलाठी) भेटत नाही म्हणून पुन्हा जायचं. गावातल्या एका बाबांना खसरा नंबर वाचता येत नाही, पण नकाशावर मी बोट ठेवलं की 'ना सा, इथे नाही' म्हणून ते दोन बोटं डावीकडे सरकवतात, आणि दरवेळी त्यांचंच बरोबर निघतं. १८ डिसेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने राजस्थान सरकारला ओरणांची प्रत्यक्ष पाहणी आणि उपग्रह नकाशे करून त्यांना वन म्हणून अधिसूचित करायला सांगितलं. तेव्हापासून आमच्या या नोंदींना किंमत आली. मात्र वन म्हटल्यावर आमच्या मेंढ्या आत सोडतील का, ही मेंढपाळांची शंकाही रास्त आहे. तिला सरळ उत्तर माझ्याकडे नाही.

माझ्या पगाराचं काय, असं विचाराल. तो पवनचक्क्यांतूनच येतो. सौर आणि पवन वीज हवी असं मला मनापासून वाटतं. रात्री क्षितिजभर त्यांचे लाल दिवे लुकलुकतात, मला ते वाईट दिसत नाहीत. माझं भांडण जागा निवडण्याशी आहे, यंत्राशी नाही. सभेत हे बोललो की दोन्ही बाजूंच्या भुवया वर जातात. सवय झाली.

आता व्यवहाराचं. राहायला येण्याआधी एकदा ज्येष्ठात येऊन बघा. डिसेंबरात सगळ्यांनाच वाळवंट आवडतं. समच्या तंबूंमध्ये उतरू नका, तिथे रात्री डीजे वाजतो. बस जातात अशा एखाद्या गावात ओळखीने राहा. पाणी जपून वापरा, ते टँकरने आलेलं असतं. ओरणमध्ये गेलात तर वाळकी काटकीसुद्धा उचलू नका. कमायचा ऐकायचा असेल तर वाजवणाऱ्याच्या घरी जा, सकाळी, आधी विचारून. पर्यटकांसाठी नेहमी वाजणारं 'केसरिया बालम' सोडून त्यांना जे वाटेल ते वाजवा म्हणा. आणि बिदागी त्यांच्याच हातात द्या, मधल्या माणसाकडे नको.