टवके उडालेली लाल की चकाचक पांढरी?

गाडीबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : दादा नमस्कार. मी इंदूरचा, सुदामानगरात राहतो. पंधरा वर्षं एकच हॅचबॅक चालवली, आता मुलगी नोकरीला लागली तर म्हटलं एकदा तरी दोन दारांची गाडी घ्यायचीच, बायको काय बोलायचं ते बोलू दे. जुनी ऑडी टीटी बघतोय, दुसऱ्या पिढीची. दोन मिळाल्यात. एक लाल, २०१२ ची, एका डॉक्टरांची, ५२ हजार किलोमीटर, डॉक्टर दर महिन्याला स्वतः चालवत मुंबईला जायचे. हिच्या नाकावर नुसते रंगाचे टवके उडालेत, बोनेटच्या पुढच्या कडेवर मी चाळीसपर्यंत मोजले आणि मग सोडून दिलं. दुसरी पांढरी, २०१३ ची, ४८ हजार चाललेली, डीलरकडे उभी आहे, पुढे एक टवका नाही, डीलर म्हणतो “भिया एकदम टनाटन है, आंख बंद करके ले जाओ”. पावणेदोन लाखांनी महाग आहे. वर माझा मेहुणा लोहचुंबक घेऊन आला, लाल गाडीच्या दाराला ते चिकटलं पण बोनेटला चिकटेचना, तो म्हणाला आत सगळी पुट्टी भरलीये, अॅक्सिडेंटची गाडी आहे, हात लावू नको. मग पांढरीच घेऊ ना?

उत्तर : आधी मेहुण्यांचा हिशोब मिटवू, कारण त्यांच्यामुळे तुमची चांगली गाडी हातची जाईल. टीटीच्या या पिढीचं बोनेट आणि पुढचे फेंडर अॅल्युमिनियमचे आहेत, दारं मात्र लोखंडी पत्र्याची. म्हणजे दाराला चुंबक चिकटलं आणि बोनेटला नाही, हे अगदी जसं असायला हवं तसंच आहे. आता त्याच मेहुण्यांना पांढऱ्या गाडीकडे न्या, तिच्या बोनेटलाही चिकटणार नाही. (आणि चिकटलं तर मला ताबडतोब कळवा, कारण मग बोनेट कुठल्या तरी वेगळ्याच गाडीचं असेल!)

आता टवके. ५२ हजार किलोमीटर, त्यातलं बरंचसं मुंबईच्या रस्त्यावर, मानपूरचा घाट, पुढे सेंधव्याकडचा घाट, सगळीकडे गिट्टीचे डंपर, आणि टीटीचं नाक जमिनीला टेकल्यासारखं खाली. ट्रकच्या मागच्या चाकांतून खडा उडतो, हवेत जरा रेंगाळतो आणि तुम्ही शंभराच्या स्पीडनं स्वतःच त्याच्यावर जाऊन आदळता. स्पीड दुप्पट झाला की माराचा जोर चौपट होतो, म्हणून गावात फिरणाऱ्या गाडीला टवके नसतात आणि हायवेवाल्या गाडीचं नाक देवी आल्यासारखं दिसतं. त्यामुळे लाल गाडीचे टवके आणि डॉक्टरांची मुंबईची गोष्ट एकमेकींना धरून आहेत. मला तर ती गाडी खरं बोलतीये असं वाटतं. शंका यायला हवी ती पांढरीवर. ४८ हजार चाललेली, एवढ्या वर्षांची, इतकी बसकी गाडी आणि पुढे एक टवका नाही, मग इतकी वर्षं तिनं केलं काय?

याचं उत्तर डीलर देणार नाही, पुढची काच देईल. सकाळी सातच्या सुमाराला किंवा संध्याकाळी उन्हं उतरली की जा, गाडी सूर्याकडे तोंड करून उभी करायला सांगा, आत ड्रायव्हरच्या सीटवर बसा आणि काचेतून बाहेर न बघता काचेकडे बघा. खूप चाललेल्या काचेवर बारीक बारीक चमकणारे ठिपके दिसतात, साखर सांडल्यासारखे. हेडलाइटच्या कव्हरवरून नख फिरवा, तिथेही खरखर लागेल. काच साखरेसारखी आणि बोनेट आरशासारखं, असं जर निघालं तर बोनेट बहुतेक पुन्हा रंगवलंय, कारण खडा काही बोनेट चुकवून काचेवर जात नाही. काचही नवी निघाली तर कोपऱ्यातला शिक्का बघा आणि बाजूच्या काचांवरच्या शिक्क्यांशी जुळवून बघा, कंपनी किंवा साल वेगळं असेल तर काच बदललीये. नुसती काच बदलली यात काही वाईट नाही, पण बोनेट, बंपर आणि काच तिन्ही नवे म्हणजे समोरून काहीतरी झालंय.

रंगवलंय म्हणजे लगेच ठोकलंय असं मात्र नाही हं. पुष्कळ लोक विकायच्या आधी फक्त टवके दिसू नयेत म्हणून बंपर-बोनेट मारून घेतात, तो वेगळा खर्च आणि वेगळा गुन्हा. किंवा पहिल्या मालकानं पहिल्याच आठवड्यात पीपीएफ, म्हणजे रंग वाचवणारी पारदर्शक फिल्म, लावून घेतली असेल, तसं असेल तर बोनेटच्या कडेला बोट फिरवून बघा, फिल्मची बारीक कड बोटाला लागते आणि तिथे काळी मळाची रेघ बसलेली असते. फिल्म असेल तर डीलरचं म्हणणं खरं, आणि पावणेदोन लाखातले थोडे पैसे वसूल.

फिल्म नसेल तर पेंट गेज, म्हणजे रंगाची जाडी मोजायचं यंत्र, आणा, पण इथेही मेहुण्यांसारखं होऊ देऊ नका. स्वस्त गेज फक्त लोखंडावर चालतं, अॅल्युमिनियमवर ते काहीच्या बाही आकडे दाखवतं नाहीतर दाखवतच नाही. दोन्ही धातूंवर चालणारं गेज मागा, डिटेलिंगवाल्यांकडे असतं, चहा पाजला तर माणूस गेज घेऊन सोबतही येतो. कंपनीतून आलेला रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉनचा असतो (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), सगळे थर मिळून. बोनेटवर सगळीकडे ११०-१२० आला तर मूळचा रंग. २५०-३०० आला तर वर एक रंग चढलाय. पाचशे-सहाशेच्या पुढे गेला की मग खाली पुट्टी, आणि तेव्हा मेहुण्यांना बोलवा. बंपर प्लास्टिकचा असतो, त्यावर हे गेज चालत नाही, तिथे आपले डोळेच.

डोळ्यांनी काय बघायचं, तर बोनेट उघडून बिजागिरीचे बोल्ट. कंपनीत बोल्टसकट रंग मारलेला असतो, एकदा पाना लागला की बोल्टच्या कोपऱ्यावरचा रंग फुटतो आणि तो परत कधीच तसा दिसत नाही. फेंडरच्या बोल्टांचंही तसंच. मग हेडलाइटच्या रबराची कड वर उचलून बघा, मास्किंग टेपची पायरी राहिलेली असते, पेंटर कितीही चांगला असू दे. पांढऱ्या रंगात अजून एक गंमत म्हणजे ट्यूबलाइटखाली सगळं एकसारखं दिसतं आणि दुपारच्या सावलीत बंपर किंचित पिवळा, फेंडर किंचित निळा. म्हणून डीलरनं गाडी शोरूममध्येच दाखवली तर बाहेर काढायला लावा.

इन्शुरन्सचे कागद दोन्ही गाड्यांचे मागा, नुसते या वर्षीचे नाही, मागच्या चार-पाच वर्षांचे. क्लेम घेतला की नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल प्रीमियमवर मिळणारी सूट, शून्यावर येतो आणि मग २०, २५, ३५, ४५ असा चढत पाचव्या वर्षी ५० टक्क्यांवर जातो. हा बोनस माणसाचा असतो, गाडीचा नाही, त्यामुळे एकट्या आकड्यावर जाऊ नका, पण ५० वर असलेला आकडा मध्येच शून्य झालेला दिसला तर तेव्हा काय झालं हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

लाल गाडीत मला टवक्यांपेक्षा दुसऱ्याच गोष्टीची काळजी वाटते. ज्या खड्यांनी बोनेट फोडलं तेच खालच्या जाळीतून आतही गेलेत. मोबाइलचा टॉर्च लावून बंपरच्या जाळीतून एसीच्या कंडेन्सरकडे बघा, पत्र्याच्या पातळ पात्या दुमडलेल्या असतीलच, त्याला घाबरू नका, पण कुठे तेलकट ओला डाग आणि त्यावर धूळ चिकटलेली दिसली तर तिथून गॅस गळतोय. तो खर्च रंगाच्या खर्चासारखा पुढे ढकलता येत नाही, इंदूरचा मे महिना तुम्हाला माहीतच आहे.

आणि टवके जवळून बघताना रंग बघा. आत करडं दिसतंय म्हणजे प्रायमरपर्यंत गेलाय, चालेल. चकचकीत चांदीसारखं म्हणजे धातू उघडा पडलाय. अॅल्युमिनियमला लाल गंज येत नाही पण पांढरी भुकटी येते आणि कडेचा रंग फुगतो, पापडासारखा. असे फुगलेले किती आहेत ते मोजा, चाळीसातले चार-पाच असतील तर टच-अप करून सोडून द्या, पंधरा-वीस असतील तर बोनेट खरवडून रंगवावं लागेल आणि ते अॅल्युमिनियमचं काम येणाऱ्याकडेच द्या, लोखंड घासलेला कागद आणि ब्रश अॅल्युमिनियमवर वापरला तर लोखंडाचे कण त्यात रुततात आणि वर्षभरात परत फुगे. त्या कामाचं लेखी एस्टिमेट घेऊन डॉक्टरांसमोर ठेवा, तेवढे कमी करा म्हणावं. माझे पैसे असते तर मी लाल घेतली असती आणि टवके तसेच ठेवले असते, पण मी रामबागेतला जुना माणूस, मला ओरखडे असलेली गाडी पार्क करताना छाती धडधडत नाही एवढाच माझा स्वार्थ.

प्रश्न : काका, लोकमान्यनगरहून लिहितेय. नवी गाडी घेतली, शोरूमवाले सिरॅमिक कोटिंग गळ्यात मारतायत, म्हणाले दगड लागला तरी रंगाला काही होत नाही. माझे मिस्टर दर पंधरा दिवसांनी धुळ्याला जातात. करून घेऊ का?

उत्तर : ताई, दगडासाठी असेल तर नको. सिरॅमिक कोटिंग असतं एक-दोन मायक्रॉनचं, आपल्या केसाची जाडी पन्नासच्या पुढे असते, त्यावरून अंदाज घ्या. पाणी घरंगळतं, गाडी धुवायला सोपी जाते, चमक राहते, एवढं खरं. दगड अडवणारी वस्तू म्हणजे पीपीएफ, ती जवळपास २०० मायक्रॉनची प्लास्टिकची फिल्म असते. पूर्ण गाडीला लाखाच्या पुढे जाते, त्याची गरज नाही, बंपर, बोनेट, आरसे आणि मागच्या चाकाच्या पुढचा भाग एवढ्याला लावा. तीही नवी असतानाच, कारण टवक्यावर लावली तर टवका काचेखाली ठेवलेल्या फोटोसारखा कायम दिसत राहतो. आणि मिस्टरांना सांगा डंपरच्या मागे चिकटून चालवू नका, ओव्हरटेक तरी करा नाहीतर लांब तरी राहा, याला पैसे लागत नाहीत.

प्रश्न : टच-अप पेन आणून बोनेटवरचे टवके भरले, आता आधीपेक्षा जास्त दिसतायत, मुलं हसतात. काय चुकलं?

उत्तर : पेनचा ब्रश. तो टवक्यापेक्षा चौपट जाड असतो, त्यामुळे रंग खड्ड्यात कमी आणि आजूबाजूला जास्त पडतो. ताजं असेल तर थिनरचा एकच थेंब सुती कापडाला लावून हलक्या हातानं पुसून काढा, घासू नका. मग टूथपिकच्या टोकावर रंग घेऊन फक्त खड्ड्यात थेंब सोडा, सुकू द्या, परत सोडा, तीन-चार वेळा, एकदम भरला तर सुकताना मध्ये खळगा पडतो. रंगाचा कोड गाडीच्या स्टिकरवर असतो, कुणाच्या दाराच्या चौकटीवर तर कुणाच्या डिकीत स्टेपनीच्या खड्ड्यात, दुकानदाराला “पांढरा द्या” म्हणून आणला असेल तर तिथेच चुकलं, एकाच कंपनीचे पांढरे चार-चार असतात. आणि हे काम उन्हात तापलेल्या बोनेटवर करू नका, सकाळी पोहे खायच्या आधी करा.