वाचक विचारतात : बोलिंगच्या स्पर्धा आणि खेळाडूंचा सन्मान

प्रश्न : आमचा मुलगा येथील एका मॉलमध्ये टेनपिन बोलिंग (चेंडू घरंगळत सोडून दहा पिना पाडण्याचा खेळ) खेळतो आणि सुटीच्या दिवशी १८० ते १९० गुण सहज करतो. त्याला पुण्या-मुंबईकडील राज्य स्पर्धेला पाठवावे काय?
– एक पालक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : अवश्य पाठवावे, मात्र त्या आकड्यावर निकालाची अपेक्षा बांधू नये. चेंडू ज्या पट्ट्यावरून घरंगळतो त्या लेनवर, चेंडू सोडण्याच्या फाउल रेषेपासून पहिल्या पिनपर्यंतचे अंतर ६० फूट असते आणि त्यातील साधारण पहिल्या ४० फुटांवर तेलाचा पातळ थर दिलेला असतो. करमणुकीच्या केंद्रांत हे तेल बहुधा लेनच्या मध्यभागी जास्त आणि कडांना कमी ठेवतात. त्यामुळे वळणारा चेंडू थोडा बाहेर गेला, तरी कोरड्या भागात पकड घेऊन तो पुन्हा आत येतो. स्पर्धेसाठी तेल दोन्ही कडांपर्यंत बरेचसे सारखे पसरवले जाते, तेथे ही सवलत मिळत नाही. शिवाय गेम होत जातील तसे चेंडूंबरोबर तेल सरकत जाते आणि सकाळी साधलेली दिशा दुपारी चालेनाशी होते. प्राथमिक फेरीत एका गेमचे गुण न पाहता अनेक गेमची बेरीज पाहतात, म्हणून एखाद्या चांगल्या गेमपेक्षा सातत्याला अधिक मोल येते.

तयारीसाठी एकच गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते : स्पेअर, म्हणजे पहिल्या चेंडूनंतर उरलेल्या पिना दुसऱ्या चेंडूवर पाडणे, पक्के करावेत. गेमच्या दहा फ्रेमपैकी (डावांपैकी) प्रत्येक फ्रेममध्ये आधी ९ पिना पाडल्या, मग उरलेली एक पाडली आणि शेवटच्या जादा चेंडूवरही ९ मिळवल्या, तर एकही स्ट्राइक (पहिल्याच चेंडूवर दहाही पिना पडणे) न होता १९० गुण होतात. सलग १२ स्ट्राइकचा ३०० गुणांचा परिपूर्ण गेम सर्वांना माहीत असतो, पण नवख्या खेळाडूला स्पर्धेत टिकवून धरणारे गणित हे १९० चेच आहे. मुलाने आतापासून प्रत्येक गेमची तारीख, लेन, चेंडूचे वजन आणि सुटलेले स्पेअर एका वहीत लिहून ठेवावेत.

प्रश्न : हँडिकॅप गटात मिळालेले विजेतेपद खरे विजेतेपद मानावे काय?
– एक खेळाडू, नांदेड

उत्तर : मानावे, पण त्याची नोंद वेगळी ठेवावी. हँडिकॅप म्हणजे कमी सरासरीच्या खेळाडूला वाढवून दिलेले गुण. एखाद्या स्पर्धेत आधार २०० गुणांचा आणि त्यातून खेळाडूची सरासरी वजा जाता उरणाऱ्या फरकाच्या ८० टक्के प्रमाण ठरले असेल, तर १५० सरासरीच्या खेळाडूला प्रत्येक गेमला ४० पिना वाढवून मिळतात. नवा आणि मुरलेला खेळाडू एकाच स्पर्धेत जिद्दीने खेळू शकावेत, यासाठी ही सोय आहे आणि खेळाच्या प्रसारासाठी ती फार मोलाची आहे. मात्र राज्य विक्रम किंवा सन्मानासाठी गुण मोजताना वाढवलेल्या पिना वगळून, म्हणजे स्क्रॅच पद्धतीने, आलेला आकडाच धरावा लागतो.

प्रश्न : आमच्या परिचयाचे काही ज्येष्ठ खेळाडू अनेक वर्षे स्वखर्चाने राज्य स्पर्धांना जात आले आहेत. राज्य संघटनेने वार्षिक स्पर्धेच्या वेळी अशांचा सन्मान करावा, असा प्रस्ताव आम्ही पाठवणार आहोत. निकष कसे असावेत?
– एक क्रीडाप्रेमी, लातूर

उत्तर : प्रस्ताव योग्य आहे आणि तो पाठवण्यात विलंब करू नये. या बाबतीत अमेरिकेतील परंपरा अभ्यासण्याजोगी आहे. तेथे १८९५ साली राष्ट्रीय संघटना स्थापन झाली, १९०१ पासून तिची राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली आणि १९४१ मध्ये श्रेष्ठ खेळाडूंचा सन्मानपट सुरू झाला. आजही तेथे राष्ट्रीय संघटनेखालोखाल राज्य आणि स्थानिक संघटना आपापले सन्मानपट राखतात. त्यांतील मला सर्वांत पटलेली गोष्ट म्हणजे मैदानावरील कामगिरी आणि खेळाची सेवा यांचे निराळे विभाग. कामगिरीच्या विभागात विजेतेपदे, सरासरी आणि राष्ट्रीय स्पर्धांतील स्थान यांखेरीज काहीही पाहू नये. सेवेच्या विभागात मात्र प्रशिक्षक, पंच, गुणलेखक आणि लेनच्या मागे उभे राहून पिनसेटर (पिना पुन्हा उभ्या करणारे यंत्र) चालू ठेवणारा मेकॅनिकही यावा. ऐन स्पर्धेत यंत्र अडकले म्हणजे त्या मेकॅनिकवाचून पुढचा चेंडू पडत नाही, आणि तरीही सत्काराच्या यादीत त्याचे नाव मी क्वचितच पाहिले आहे.

मराठवाड्याच्या दृष्टीने हा भेद विशेष महत्त्वाचा आहे. कर्नाटकाचे शेख अब्दुल हमीद, दिल्लीचे ध्रुव सारडा, तमिळनाडूचे शबीर धनकोट हे राष्ट्रीय विजेते ज्या बंगळूरु, दिल्ली, चेन्नईतून पुढे आले, तेथे लेन घराजवळ असतात आणि तुल्यबळ प्रतिस्पर्धीही भेटतात. लातूरच्या किंवा परभणीच्या खेळाडूला सरावासाठीही रात्रीचा प्रवास करावा लागतो. म्हणून त्याच्यासाठी कामगिरीचा निकष शिथिल करावा, असे मात्र मी म्हणणार नाही, कारण तसे केल्यास त्याच्या सन्मानाकडे पुढे संशयाने पाहिले जाईल. त्याने आपल्या भागात खेळ रुजवला असेल, मुलांना सोबत नेऊन खेळवले असेल, तर सेवेच्या विभागात त्याला पूर्ण मानाने स्थान द्यावे.

निवड समितीत विद्यमान पदाधिकारी नसावेत आणि नामांकने लेखी पुराव्यासह मागवावीत. एखाद्या वर्षी पात्र नाव पुढे आले नाही, तर त्या वर्षी सन्मान देऊ नये. कार्यक्रमाची वेळही विचारपूर्वक ठरवावी. प्राथमिक फेऱ्या संपतात आणि मॅच प्ले (खेळाडूंच्या समोरासमोरच्या लढती) सुरू व्हायचा असतो, त्या सायंकाळी सर्व खेळाडू हजर असतात. अंतिम दिवशी, स्टेपलॅडर (खालच्या क्रमांकाच्या विजेत्याने वरच्या क्रमांकाशी खेळत जाण्याची अंतिम फेरी) संपल्यावर, निम्मे खेळाडू परतीच्या गाडीकडे निघालेले असतात आणि ज्येष्ठांचा सत्कार रिकाम्या खुर्च्यांसमोर होतो. शाल-श्रीफळाची रीत आपली आहे, ती असावीच. तथापि मानपत्रात ‘खेळाची अखंड सेवा केली’ अशी मोघम वाक्ये न घालता कोणत्या वर्षी, कोणत्या स्पर्धेत, किती गेममध्ये किती पिना, हे लिहावे आणि ते मोठ्याने वाचून दाखवावे. समोर बसलेल्या सोळा वर्षांच्या मुलीला त्या आकड्यांतूनच कळेल की आपल्याला कुठवर जायचे आहे.

प्रश्न : ज्यांच्या कामगिरीचे कागद उरलेले नाहीत, किंवा जे आज हयात नाहीत, त्यांचा विचार सन्मानासाठी व्हावा काय?
– एक निवृत्त शिक्षिका, परभणी

उत्तर : व्हायलाच हवा. वर उल्लेखिलेल्या अमेरिकन संघटनेने सुरुवातीला स्त्रियांना सदस्यत्व दिले नाही, म्हणून १९१६ साली त्यांनी आपली स्वतंत्र संघटना उभारली. कृष्णवर्णीय खेळाडूंना तर १९५० पर्यंत नियमानेच दूर ठेवले होते. त्यांनीही १९३९ मध्ये स्वतःची संघटना स्थापन करून आपल्या स्पर्धा भरवल्या. त्या काळातील केवळ अधिकृत पट पाहिला, तर हे खेळाडू खेळलेच नव्हते असे वाटावे. अधिकृत नोंद नसण्यामागे खेळाडूचा उणेपणाच असतो असे नाही. कित्येकदा ती नोंद ठेवणाऱ्यांची उणीव असते, आणि ती भरून काढणे हे संघटनेचे कर्तव्य आहे.

आपल्याकडे अशा खेळाडूंसाठी स्थानिक वृत्तपत्रांची जुनी क्रीडापाने, पदकांवरील कोरलेला मजकूर, घरात जपलेली प्रमाणपत्रे व स्कोअरशीट आणि त्या स्पर्धेत खेळलेल्या समकालीनांची लेखी निवेदने, इतके साहित्य मिळू शकते. एकमेकांशी संबंध नसलेले किमान दोन पुरावे जुळले, तर नाव समितीपुढे ठेवावे आणि जेथे वर्ष किंवा गुण निश्चित होत नाहीत, तेथे अंदाजाने आकडा न घालता तसे नमूद करावे. मरणोत्तर सन्मान कुटुंबीयांच्या हाती देताना मूळ कागद त्यांच्याकडेच राहू द्यावेत आणि संघटनेने त्यांच्या प्रती काढून, त्या कोणाकडून व कधी मिळाल्या हे लिहून, आपल्या दप्तरी ठेवाव्यात.